दोघं-दोघं करून या

नवीन घरात रुळायला मला तीन दिवस लागतात. पहिल्या दिवशी मी बटणं पाठ करते. कुठलं पंख्याचं, कुठलं गिझरचं, कुठलं कशाचंच नाही. दुसऱ्या दिवशी पाणी किती वाजता येतं आणि जायच्या आधी नळ कसा आवाज करतो, ते. तिसऱ्या दिवशी माणसं. लिफ्टमध्ये कोण बोलतं, कोण मोबाईलमध्ये डोकं घालतं, कुणाला 'गुड मॉर्निंग' आवडतं आणि कुणाला नुसती मान हलवलेली पुरते. चौथ्या दिवशी मी तिथे वर्षभर राहत असल्यासारखी वावरते. वॉचमनसुद्धा मला अडवत नाही.

हे मी कुठे शिकले ते मला नीट माहीत आहे. शाळेत. घाटकोपरच्या टेकडीवर आमची बैठ्या घरांची वसाहत होती आणि तिथून खाली उतरून मी इंग्रजी शाळेत जायचे. पप्पा पालिकेच्या पाणी खात्यात फिटर होते. त्यांनी ठरवलं होतं की मुलगी इंग्रजीतूनच शिकणार. वर्गात टेकडीवरून येणारी मी एकटी. कुठे राहतेस म्हटलं की मी स्टेशनच्या बाजूला हात करायचे. पाचवीत एकदा बाईंनी वर्गात विचारलं, स्कॉलरशिपचा फॉर्म कुणाकुणाला लागणार आहे, त्यांनी उभं राहा. म्हणजे आमच्यासारख्यांनी. मी उठले नाही. बेंचवर कुणीतरी कोरलेलं एक नाव मी बोटाने गिरवत राहिले. आठवड्याने पप्पा अर्धा दिवस रजा टाकून शाळेत आले आणि ऑफिसात जाऊन फॉर्म भरून गेले. घरी जाताना त्यांनी मला काहीच विचारलं नाही. वडापाव घेऊन दिला आणि मी खाऊन होईपर्यंत माझं दप्तर धरून उभे राहिले.

पुढे ते सगळ्यांना सांगायचे, "माझी पोरगी कुठेही सोडा, जुळवून घेते." मला ते कौतुक वाटायचं. अजूनही बरंचसं वाटतं.

दीड वर्षापूर्वी आमची वसाहत पाडायला घेतली. अर्धी तेव्हा, अर्धी नंतर. आमची रांग पहिल्या अर्ध्यात होती. इमारत होईपर्यंत सगळ्यांनी भाड्याने राहायचं होतं. आम्ही तिघं घाटकोपरमध्येच एका जुन्या इमारतीत गेलो आणि चौथ्या महिन्यात पप्पा गेले. सकाळी दाढी करता करता. घरमालकाला हे कळलं तेव्हा तो आधी म्हणाला, "फार वाईट झालं," आणि मग म्हणाला, "खाली फार गर्दी होऊ देऊ नका, प्लीज." आईने ते ऐकलं.

अकरा महिन्यांचा करार संपल्यावर मी मुलुंडमध्ये घर शोधलं. सातवा मजला, स्वयंपाकघराला मोठी खिडकी. एजंट बोलघेवडा होता. घर दाखवून झाल्यावर तो म्हणाला, "मॅडम, मालक विचारतात म्हणून विचारतो हां, माझं काही नाही. आडनावावरून कळत नाही तुमच्या. तुम्ही आपल्यातलेच ना?"

आमचं आडनाव गावावरून पडलेलं आहे, शेवटी 'कर' असलेलं. त्यातून काहीही अर्थ निघू शकतो. मी हसले. हसण्याचा अर्थ ज्याने त्याने लावावा. त्याने लावला आणि मालकाला फोन केला, "फॅमिली एकदम चांगली आहे."

खाली उतरताना लिफ्टमध्ये आईने विचारलं, "कुणाच्यातले आपण?"

"आई, घर छान आहे ना?"

"खिडकी चांगली आहे," आई म्हणाली.

आम्ही बौद्ध आहोत. आमच्या घरात दोन फोटो असतात, एक बुद्धांचा आणि एक निळ्या कोटातला. त्यांच्या शेजारी आता तिसरा पप्पांचा. जुन्या घरी ते दारासमोरच्या भिंतीवर होते. मुलुंडला मी ते बेडरूममध्ये लावले. आईला सांगितलं, तिथे सकाळचा उजेड चांगला येतो. उजेड खरंच चांगला येत होता. बेल वाजली की मी उठायचे, आधी बेडरूमचं दार लोटायचे आणि मग बाहेरचं उघडायचे. दोन-तीन आठवड्यांत त्याची अशी सवय झाली की दार लोटलं की नाही हे मला आठवावंही लागायचं नाही.

मी अंधेरीला एका कंपनीत काम करते. लोक कंपनीच्या साइटवर तक्रार लिहितात आणि मशीन त्यांना उत्तर देतं. ती उत्तरं आधी माणसांनी लिहून ठेवलेली असतात, त्यातली काही मी लिहिते. वर्षभरात आमच्या टीमचं नाव तीनदा बदललं, वरिष्ठ दोनदा बदलले आणि ज्यावर काम करायचं ते सॉफ्टवेअर तर नीट कळायच्या आतच बदलायचं. आमच्यातली काही माणसंही गेली. त्यांची कामं मशीन करू लागलं. मग आम्हाला बदलाला सामोरं कसं जायचं याचं एक प्रशिक्षण दिलं. बाहेरून आलेले एक गृहस्थ दर पंधरा मिनिटांनी टाळी वाजवायचे आणि आम्ही उठून दुसऱ्या खुर्चीवर जायचं. लोक कुरकुर करत होते. कुणाचा चार्जर राहत होता, कुणाला मैत्रिणीशेजारीच बसायचं होतं. मी दर वेळी बाटली आणि वही उचलून आवाज न करता नव्या जागी जाऊन बसत होते. शेवटी त्यांनी सगळ्यांसमोर मला उभं केलं. "हिच्याकडून शिका," म्हणाले. टाळ्या पडल्या. माझे कान गरम झाले.

घरी येऊन मी आईला सांगितलं. ती मेथी निवडत होती. "खुर्ची बदलायची होती तर आधी बसवलं कशाला?" तिने विचारलं.

मुलुंडला आईची एकच मैत्रीण झाली. समोरच्या दाराच्या काकू, मालवणकडच्या. त्यांचे सासरे गिरणीत होते, नवरा आता कुठल्याशा गोदामाचा हिशेब बघतो. काकूंचा आवाज जिन्यात घुमायचा. आमच्या सोसायटीत मासळीच्या वासावरून मिटिंगा व्हायच्या, म्हणून बांगडे तळायच्या आधी काकू सहा उदबत्त्या एकदम लावायच्या. "खालच्यांना वाटतं, हिच्याकडे रोज सत्यनारायण," असं म्हणून त्या स्वतःच हसायच्या. त्या दुपारी आमच्याकडे यायच्या आणि आई त्यांच्याकडे जायची. मी घरून काम करायचे त्या दिवशी कानांत इयरफोन घालून त्यांचं बोलणं ऐकायचे. गुडघे, सुना, गॅसचं बुकिंग, गावच्या घराचं छप्पर. आईला मी पहिल्याच आठवड्यात सांगून ठेवलं होतं, उगाच काही सांगू नकोस. "काय सांगू नको?" तिने विचारलं होतं. "तुला माहितीये," मी म्हटलं होतं. त्यावर ती नुसतं "बरं" म्हणाली होती.

संक्रांत झाली आणि पप्पांच्या वर्षाचा विषय निघाला. आमच्यात पुण्यानुमोदन करतात. बौद्धाचार्य येतात, वंदना होते, गेलेल्या माणसाबद्दल लोक दोन शब्द बोलतात, मग जेवण. नातेवाईक येतात, बायका पांढऱ्या साड्या नेसून येतात. मी म्हटलं, विहाराचा हॉल घेऊ, घाटकोपरला, सगळ्यांना सोयीचं पडेल.

"घरी करायचं," आई म्हणाली.

"इथे? आई, चाळीस माणसं कुठे बसतील?"

"मांडीला मांडी लावून बसतील. आपल्या जुन्या घरात नव्हती का बसत? ते काय याच्याहून मोठं होतं?"

आईने कुकरची शिट्टी काढून धुवायला घेतली. माझ्याकडे पाठ करून ती म्हणाली, "तुझ्या पप्पांना नेलं ते दुसऱ्याच्या दारातून. गर्दी करू नका म्हणाला तो माणूस. मी ऐकून घेतलं. आता वर्षाचं तरी मी राहते त्या घरात होऊ दे. इथं जर करता येत नसेल तर मग हे माझं घर नाही. मी आत्याकडे जाईन राहायला, तू राहा इथं."

आई धमक्या देत नाही. चप्पल घालून दारात उभं राहिल्यावर जाते म्हणणाऱ्यांतली ती आहे. आणि ती गेली तर या घरात मी एकटी उरणार होते. माझं दुसरं कुणी नाही. मैत्रिणी आहेत, पण ऑफिसातल्या. टीमचं नाव बदललं की त्याही बदलतात.

"करू ना," मी म्हटलं. "मी कुठे नाही म्हणते?"

आणि मी खरंच करायला घेतलं. केटररशी बोलले. सोसायटीच्या ऑफिसात कौटुंबिक कार्यक्रम म्हणून अर्ज दिला. सतरंज्या ठरवल्या. बौद्धाचार्यांना माईक लागणार नाही ना, तेही विचारून घेतलं. मग एका बुधवारी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत मी नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकायचा मेसेज लिहिला. तासभर लिहीत होते. जशी मी तक्रारींना उत्तरं लिहिते तसाच लिहिला, मऊ, कुणाला टोचणार नाही असा. रविवारी सकाळी दहाला या. सोसायटी जरा कडक आहे, म्हणून गेटवर फक्त 'पूजा आहे' एवढंच सांगावं. लिफ्ट लहान आहे, तर दोघं-दोघं करून या, खाली घोळका नको. बायकांनी शक्यतो पांढऱ्याऐवजी कुठल्याही साध्या रंगाची साडी नेसली तर बरं. लॉबीत एकमेकांना हाका मारणं टाळावं. आपल्या सहकार्याबद्दल आभार.

पाठवायच्या आधी मी तो तीनदा वाचला. व्याकरणाच्या चुका शोधत होते. माझं मराठी लिहिणं कच्चं आहे. एक वेलांटी दुरुस्त केली आणि पाठवून दिला.

भराभर अंगठे आले. चुलतभाऊ, मामा, पप्पांचे मित्र. चौदा अंगठे. मला वाटलं, चला, सगळ्यांना पटलं. आत्याचा अंगठा आला नव्हता, पण तिचा फोन पुष्कळदा रिचार्जविना पडलेला असतो.

गुरुवारी दुपारी बेल वाजली. मी बेडरूमचं दार लोटलं आणि बाहेरचं उघडलं. आत्या उभी होती. पप्पांची मोठी बहीण, पालिकेच्या शाळेत शिपाई होती, आता निवृत्त. गुरुवारच्या भर दुपारी ती पांढरीशुभ्र, कडक इस्त्रीची साडी नेसून आली होती.

"एकटीच आले गं," ती म्हणाली. "दोघं-दोघं सांगितलं होतंस, पण जोडीला कुणी मिळेना."

आई आतून हसत आली. "अहो ताई, आज कशा काय? रविवारी आहे ना?"

"रविवारची प्रॅक्टिस करायला आले. लिफ्टमध्ये तोंड गप ठेवायचं असतंय ना, ते जमतंय का बघितलं. जमलं."

"काय बोलायल्या तुम्ही?" आईने तिच्याकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. आई गावाकडची, जालन्याच्या बाजूची. मनातून हलली की तिच्या बोलण्यात गाव येतं. ती ग्रुपवर होती, पण तिथे ती फक्त बाळांचे फोटो बघायची. लांबलचक मेसेज वाचायला तिला चष्मा शोधावा लागतो.

आत्याने फोन काढला आणि हात लांब करून मेसेज पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवला. मोठ्याने, शाळेतली नोटीस वाचावी तसा. समोरचं दार बंद होतं, पण आमचं उघडंच होतं. मी ते लावायला पुढे झाले तर आत्या म्हणाली, "राहू दे. वारा येतोय."

'आपल्या सहकार्याबद्दल आभार' झाल्यावर आई सोफ्याच्या कडेवर टेकली.

"पूजा आहे, असं लिहिलंस?" तिने विचारलं.

"गेटवर सांगायला, आई. तो रजिस्टरमध्ये कारण लिहून घेतो."

"माझा माणूस गेलाय. हे कारण लिहायला त्याच्या वहीत जागा नाही का?"

"तसं नाही. मी तुझ्यासाठीच करत होते. घरीच करतोय ना आपण? तू म्हणालीस तसं? फक्त पुन्हा घर सोडायला लागू नये म्हणून मी जरा..."

"मला घर सोडायची भीती वाटत नाही," आई म्हणाली. "दोन सोडली. अजून सोडीन."

आत्या मध्येच म्हणाली, "माझ्या भावाने आयुष्यभर पाण्याच्या लाइनी उकरल्या, गटारात उतरला. पण रस्त्याने गेला तर छाती पुढे काढून. आणि त्याच्या वर्षाला आम्ही चोरासारखं यायचं? रंगीत लुगडी नेसून?" मग माझा चेहरा बघून तिचा आवाज उतरला. "रडू नको. तुला कोण काय म्हणतंय? शिकलेली पोरगी तू."

मी रडत नव्हते. मला तेव्हा रडता आलं असतं तर बरं झालं असतं.

आई बेडरूममध्ये गेली. तिने तिन्ही फोटो स्वतः काढले, एकेका टॉवेलात गुंडाळले आणि पिशवीत उभे ठेवले. दोन साड्या, गोळ्यांचा डबा, चष्मा. मी पिशवी उचलू लागले.

"राहू दे," ती म्हणाली. "तुझी तीनला मिटिंग आहे ना?"

होती. मी ती केलीही. कॅमेरा बंद ठेवून.

रविवारी कार्यक्रम आत्याच्या घरी झाला. ती राहते तो आमच्या वसाहतीचा दुसरा अर्धा भाग अजून पाडलेला नव्हता. शेजारी आमची रांग होती तिथे पत्र्याचं कुंपण होतं, आणि आत्याच्या दारापासून कुंपणापर्यंत चपलाच चपला. मी पांढरा कुडता घालून गेले. वाटत होतं, कुणीतरी बोलेल. कुणी काही बोललं नाही. चुलतभावाने सरकून जागा दिली, मामींनी पाण्याचा तांब्या पुढे केला. चौदा अंगठे तिथेच कुठेतरी बसले होते आणि माझ्याशी इतके नीट वागत होते की मला वर बघवत नव्हतं. पाहुणीशी वागतात तसे.

त्रिसरण, पंचशील मला लहानपणापासून तोंडपाठ आहे. पण वर्षभर मी ते सगळ्यांबरोबर म्हटलं नव्हतं. माझे शब्द इतरांच्या पाठून अर्ध्या श्वासाने येत होते. पप्पांच्या खात्यातले एक काका बोलायला उभे राहिले. त्यांनी सांगितलं की माझ्या दहावीच्या निकालाची झेरॉक्स पप्पा वर्षभर खिशात घेऊन फिरत होते, घामाने अक्षरं गेली तेव्हा त्यांनी दुसरी काढून घेतली. लोक हसले. आईही हसली. ती भिंतीपाशी बायकांच्या मध्ये बसली होती, एकीचा हात तिच्या गुडघ्यावर होता. तिला तशी बसलेली मी फार दिवसांनी पाहत होते. मुलुंडला ती नेहमी खुर्चीच्या कडेवर बसायची.

मी खीर वाढली. पंगती उठल्यावर आईजवळ जाऊन म्हटलं, "निघूया?"

"तू निघ," ती म्हणाली. "मी आहे इथं. चार भांडी आवरायचीत."

"मग थांबते मी."

"नको. ऊन उतरायच्या आत पोच."

तिच्या आवाजात राग नव्हता. मी दारातल्या चपलांतून माझ्या शोधून काढल्या.

एकटीने राहण्याशीही मी जुळवून घेतलं. तीन दिवसांत. एका माणसाला किती तांदूळ लागतात, छोट्या कुकरला किती वेळ लागतो, पोळ्या बाहेरून किती मागवायच्या. बेडरूमच्या भिंतीवर तीन खिळे राहिले होते, तिकडे बघायचं नाही हेही जमलं. ऑफिसात टीमचं नाव परत बदललं आणि मी सगळ्यांच्या आधी नवीन सही मेलच्या खाली लावली. आई दिवसाआड फोन करायची. कुणाचं बाळंतपण, कुणाचं भांडण, पाणी आलं का, वगैरे. येतेस का म्हटलं की विषय बदलायची.

तिसऱ्या आठवड्यात, शनिवारी सकाळी काकूंनी बेल वाजवली. हातात ताट होतं, घावनं आणि चटणी. मी सवयीने आधी बेडरूमचं दार लोटून आले होते.

"काय गो, आवस खंय तुझी?" त्यांनी विचारलं. "इतके दिस दिसाक नाय ती. बरी आसा मा?"

माझ्याकडे उत्तर तयार होतं. गावी गेलीये, मामाचं काम निघालं. वेलांटीसुद्धा चुकणार नाही असं उत्तर. मी ताट घेतलं, ते गरम होतं, कुठे ठेवावं कळेना म्हणून तसंच धरून उभी राहिले. आणि म्हणाले, "पप्पांचं वर्ष होतं, काकू. आईला ते इथे करायचं होतं. आम्ही बौद्ध आहोत. इथे कुणाला कळू नये म्हणून मी नातेवाइकांना लपूनछपून यायला सांगितलं. म्हणून ती गेली."

काकूंनी ताट माझ्या हातातून काढून टेबलावर ठेवलं. "हात भाजतील," म्हणाल्या. मग खुर्ची ओढून बसल्या.

"माका म्हायत आसा," त्या म्हणाल्या. "तुझ्या आवशीन दिवाळीतच सांगितल्यान माका."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही.

"कंदील लावत होते मी, तर म्हणाली, आम्ही लक्ष्मीपूजन करत नाही, आम्ही बौद्ध. अशी सरळ. आणि म्हणाली, पोरीला सांगू नका मी बोलले ते. ती जपते फार, तिला वाईट वाटेल." काकू टेबलावरची न सांडलेली चटणी बोटाने पुसत होत्या. "खोटं कशाला बोलू? त्यानंतर पंधरा दिवस मी तुमच्याकडचा चहा नाही घेतला. आत्ताच घेतला म्हणायचे. लहानपणापासूनचं ते, डोक्यात बसलेलं असतं. तुझ्या आईला कळत होतं. तरी रोज विचारायची, घेता का? मग एक दिवस सुकटीची चटणी घेऊन आली. काय वास होता! म्हटलं, मरू दे सगळं."

त्या हसल्या. मी हसले नाही, तशा त्याही थांबल्या.

"ह्यांना माहीत नाही हां," त्या उठता उठता म्हणाल्या. "आणि चेअरमनला मी बोलणार नाही. तूही नको बोलू. उगाच कशाला? माणसं कशी असतात तुला माहितीये." दारात त्या वळल्या. "मला बोलवलं असतं तर आले असते मी. एकटीच आले असते, पण आले असते."

त्या गेल्यावर मी टेबलापाशी बसले. दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंत. म्हणजे किती वेळा बेल वाजली असेल, किती वेळा मी उठून ते दार लोटलं असेल. आणि काकू सोफ्यावर बसल्या असतील, आई समोर, आणि दोघींनी मला येताना पाहिलं असेल. एकमेकींकडे बघितलंही असेल. त्या दोघींत लपवण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. त्या गुडघ्यांबद्दल, छपरांबद्दल, आणि मी कामात आहे असं समजून आणखी कशाकशाबद्दल बोलत होत्या, आणि मी शेजारच्या खोलीत बसून पहारा देत होते. शाळेपासून मी समजत आले होते की घरात मला जुळवून घेता येतं आणि आईला येत नाही. आईने तर माझ्याशी जुळवून घेतलं होतं, चार महिने, मला कळू न देता.

घावनं गार झाली. मी फोन लावला.

"तू काकूंना सांगितलं होतंस?"

"हो." पलीकडे नळ चालू होता. तो बंद झाला. "त्यांनी सांगितलं का?"

"मी सांगितलं त्यांना. आज. मग त्या म्हणाल्या."

"तू सांगितलंस?"

"हो. मला का नाही बोललीस, आई? एवढे दिवस?"

"तू किती मन लावून करत होतीस ते सगळं," ती म्हणाली. "दार लोटायचं, हळू बोलायचं. म्हटलं, करू दे. तुला त्यानं बरं वाटत असेल."

खाली कुणीतरी गाडी रिव्हर्स घेत होतं, तिचा टूं-टूं आवाज सात मजले चढून येत होता.

"परत ये ना," मी म्हटलं.

"बघू."

"बघू म्हणजे काय?"

"म्हणजे बघू. इथं जरा बरं वाटायलंय मला. दुपारी कुणी ना कुणी येतं. तुझ्या पप्पांबद्दल मोठ्यानं बोललं तरी चालतं." मग जरा थांबून, "तू ये की रविवारी. राहायला ये."

"रविवारी येते. पण तू..."

"कोण आहे?" मागून आत्याचा आवाज आला.

"पोरगी."

फोनची ओढाताण झाली आणि आत्या कानात ओरडली, "जय भीम गं!"

"जय भीम," मी म्हणाले.

"आँ? काही ऐकू येईना."

घरात मी एकटी होते. खिडक्या बंद होत्या, बाहेरचं दारही लावलेलं होतं. मी पुन्हा म्हणाले, मोठ्याने.

"हां," आत्या म्हणाली, आणि आईकडे न देताच तिने फोन ठेवून दिला.